अठरा गुंठ्यांचा हिशेब

काही वर्षांपूर्वीची दिवाळी. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. सायंकाळच्या वेळी आमच्या ओसरीवर पाच माणसे येऊन बसली. भाऊ भालकी तालुक्यातील एका खेड्याचा. बहीण निलंगा तालुक्यात दिलेली. बहिणीचे यजमान, भावाचा कॉलेजात शिकणारा मुलगा आणि या सर्वांच्या मागे, भिंतीला टेकून, पदर सावरून बसलेली त्यांची वृद्ध माय. चहा आला, गेला. कोणी कोणाकडे पाहीना. शेवटी भाऊ म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच काय ते सांगा. भाऊबिजेला बहिणीनं ओवाळलं, पण ताटात काय टाकलं ते बघितलंसुद्धा न्हाई."

आमचा विषय मराठी. गणिताची आणि आमची ओळख शाळेच्या वेळापत्रकापुरती आणि वार्षिक हिशेबापुरती. तरीही खेड्यापाड्यांत मास्तरला सगळेच यावे लागते, या न्यायाने आम्ही चष्मा लावला व कागद पुढे ओढले.

वडिलांच्या पश्चात शेत राहिले होते आठ एकर दहा गुंठे. माय, भाऊ आणि बहीण असे तीन सारखे वाटे घरच्यांनीच ठरविले होते. त्याबद्दल वाद नव्हता. बहिणीला सासरहून येऊन शेत कसणे शक्य नाही, म्हणून तिचा वाटा भावाने ठेवून घ्यावा, तिने हक्कसोडपत्र नोंदवून द्यावे आणि एकरी आठ लाख रुपये भावाने तिला द्यावेत, हेही ठरले होते. इथवर सर्व गोडीगुलाबीने झाले. भांडण उभे राहिले ते केवळ एका गुणाकारावरून. भावाच्या मुलाने मोबाइलवर हिशेब करून आत्याचे अठरा लाख चाळीस हजार काढले होते. दाजींनी आपल्या गावी कोणाकडून तरी हिशेब करून आणला होता, तो बावीस लाखांचा. फरक तीन लाख साठ हजारांचा! भावाला वाटले, दाजी लोभी आहेत. बहिणीला वाटले, भाऊ फसवितो आहे. खरे पाहता दोघेही प्रामाणिक होते.

आम्ही कागदावर मांडणी करू लागलो. आठ एकर दहा गुंठे म्हणजे ३३० गुंठे. त्याचे तीन वाटे केले की एकाच्या वाट्याला ११० गुंठे, म्हणजे दोन एकर तीस गुंठे. आम्ही पेन्सिल चाटीत पुढचा गुणाकार मांडणार, तोच भिंतीकडून आवाज आला, "पावणेतीन एकर म्हना की. आठाच्या भावानं बावीस लाख. त्याला फोन कशाला पायजे?"

सर्वांनी वळून पाहिले. माय कधी शाळेत गेलेली नव्हती. आठ त्रिक चोवीस, त्यातून आठाचा पाव म्हणजे दोन वजा, राहिले बावीस, असा तिचा सरळ हिशेब होता. तो तिने भांडणाच्या पहिल्याच दिवशी केला होता, असे नंतर कळले. तिला कोणी विचारलेच नव्हते.

मग चूक कोठे झाली? आमच्याकडील पहाणीपत्रकात क्षेत्र लिहिताना एकर आणि गुंठे यांच्यामध्ये एक टिंब असते. दोन, टिंब, तीस. मुलाने ते टिंब दशांशचिन्ह समजून २.३० ला आठाने गुणले. परंतु दशांशात २.३० एकर म्हणजे दोन एकर आणि एकराचे दहा भाग करून त्यांतील तीन. एकराचे गुंठे चाळीस. त्याचे तीन दशांश म्हणजे बारा गुंठे. तीस गुंठ्यांऐवजी बारा धरले गेले. अठरा गुंठे त्या एका टिंबाने गिळले! एकरी आठ लाखांच्या भावाने अठरा गुंठ्यांचे तीन लाख साठ हजार होतात. भांडणाची रक्कम नेमकी तीच होती. तीस गुंठे म्हणजे पाऊण एकर. दशांशात लिहायचे तर २.७५.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी पत्रके असतील. ती उघडून पाहताना एवढे ध्यानात ठेवावे, की पै-पैशांत रुपयाचे शंभर भाग असतात, तासाचे साठ असतात आणि एकराचे चाळीस. टिंब दिसायला एकच, पण त्याच्या पलीकडचे जग निराळे.

चाळीस हा आकडा आला कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. असे चाळीस चौरस मिळून ४३,५६० चौरस फुटांचा एकर होतो.

आता दाजींचा हिशेब. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके एके काळी आमच्याच बिदर जिल्ह्यातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, ते मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद व बिदर म्हैसूर राज्यात राहिले. सोयरिकी तुटल्या नाहीत, पण मापे वेगळी झाली. तिकडच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे येते. इकडे एकर व गुंठे राहिले. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोहोंत फरक सव्वा टक्क्याहूनही कमी, म्हणून व्यवहारात गुंठा आणि आर एकच मानण्याची रीत पडली आहे. दाजींनी ११० गुंठे म्हणजे १ हेक्टर १० आर धरले, हेक्टरचे अडीच एकर धरले, आठ लाखांची अडीचपट वीस लाख केली आणि वीस लाखांना १.१० ने गुणून बावीस लाख काढले. उत्तर बरोबर आले, कारण क्षेत्र जेवढे कमी धरले गेले तेवढाच हेक्टरचा भाव जास्त धरला गेला. मात्र नोंदणीच्या कागदावर असे चालत नाही. हेक्टर म्हणजे २.४७१ एकर, त्या हिशेबाने बहिणीचा वाटा १ हेक्टर ११ आर २९ चौरस मीटर होतो. १ हेक्टर १० आर लिहिले असते तर सव्वा गुंठ्याहून अधिक जमीन कागदावरून नाहीशी झाली असती.

दोन मापांच्या संसाराची आम्हा सीमाभागातील लोकांना सवय जुनीच आहे. निजामी राजवटीत आमच्या वाडवडिलांच्या कनवटीला दोन प्रकारचे रुपये असत, हाली आणि कलदार. सहा कलदारांना सात हाली हे त्यांचे ठरलेले प्रमाण. शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली होत. सोलापूरच्या बाजारात माल विकून आलेला शेतकरी हे गणित तोंडी करी. या जोडीत शेकडेवारीचे एक मर्म दडले आहे. कलदाराचे हाली केले की आकडा १६.६७ टक्क्यांनी वाढतो. परंतु तेच हाली पुन्हा कलदार केले तर तो १४.२९ टक्क्यांनीच घटतो. वाढ सहावर मोजली, घट सातावर. म्हणून कोणी "इतके टक्के" म्हणाला की आपला पहिला प्रश्न असावा, कशाचे टक्के? तुरीचा भाव क्विंटलला दहा हजारांवरून वीस टक्क्यांनी उतरला तर आठ हजार झाला. पुढे तो वीस टक्क्यांनी चढला तर दहा हजार होत नाही. नऊ हजार सहाशेच होतो. कारण चढ आठ हजारांवर मोजला गेला.

त्या संध्याकाळी प्रमाणाचाही एक प्रश्न निघाला. माय मुलाकडेच राहणार, म्हणून तिचा वाटाही तूर्त भावाच्याच वहिवाटीला राहायचा होता. "म्हणजे आमचे दोन आणि आत्याचा एक; आत्याला निम्मं झालं की," असे मुलगा म्हणाला. दाजींनी लगेच मान वर केली. निम्मे कशाचे? भावाकडील क्षेत्राच्या निम्मे हे खरे. पण सगळ्या शेताच्या निम्मे नव्हे. दोनास एक या प्रमाणात एकूण भाग तीन होतात आणि बहिणीचा वाटा एक तृतीयांश ठरतो. भागाची भागाशी तुलना निराळी आणि भागाची पूर्णाशी तुलना निराळी.

हे समजविण्यासाठी आम्ही ओसरीवरच्या कोनाड्यातील बिदरी फुलदाणी खाली काढली. बिदरीच्या ओतीव धातूत जस्त आणि तांबे सोळास एक या प्रमाणात घालतात, असे सांगितले जाते. मग या फुलदाणीत तांबे किती? मुलगा चटकन म्हणाला, "सोळावा हिस्सा." नव्हे, सतरावा. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे मिळून सतरा भाग झाले. म्हणजे तांबे शेकडा सहाहून थोडे कमी आणि जस्त शेकडा ९४ हून थोडे अधिक. ज्याने सोळा किलो मिश्रणात एक किलो तांबे घातले, त्याचे प्रमाण पंधरास एक झाले. फवारणीच्या पंपात, चुन्यासिमेंटाच्या गिलाव्यात, आजाऱ्याच्या औषधात हीच चूक होते.

रक्कम ठरली तरी पैसा उभा करायचा होता. भावाजवळ बारा लाख होते. दहा लाख काढायचे होते. "बँक अकरा टक्के म्हणते," भाऊ म्हणाला, "गावात एक जण दोन टक्क्यानं द्यायला तयार आहे." आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. आमच्याकडे शेकडा दोन म्हणजे दरमहा दर शेकडा दोन रुपये. बँकेचे अकरा टक्के वर्षाचे. दहा लाखांवर सावकाराचे व्याज महिन्याला वीस हजार, वर्षाला दोन लाख चाळीस हजार. बँकेचे वर्षाला एक लाख दहा हजार. पहिल्या वर्षीच एक लाख तीस हजारांचा फरक! त्यातून महिन्याचे व्याज थकले आणि ते मुद्दलात मिळवीत गेले, तर वर्षअखेर चोवीस नव्हे, जवळजवळ सत्तावीस टक्के होतात. दोन हा आकडा अकराहून लहान खरा. पण महिना आणि वर्ष यांचे प्रमाण एकास बारा आहे, हे विसरले की लहान आकडा मोठे घर गिळतो.

अलीकडे आणखी एक शब्द खेड्यात आला आहे, फ्लॅट व्याज. दहा हजारांचे कर्ज, बारा टक्के फ्लॅट, वर्षभरात बारा सारखे हप्ते. म्हणजे अकरा हजार दोनशे रुपये बारा हप्त्यांत, दरमहा सुमारे ९३३ रुपये. ऐकायला स्वस्त वाटते. पण दर महिन्याला आपण मुद्दल फेडीत असतो. अखेरच्या महिन्यात आपल्या हाती कर्जाचा लहानसा तुकडाच उरलेला असतो. व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या दहा हजारांवर वर्षभर चालू. फिटत जाणाऱ्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. अंगठा वा सही करण्यापूर्वी "व्याज उरलेल्या मुद्दलावर की मूळ मुद्दलावर?" एवढे एक वाक्य विचारायला लाजू नये.

उठता उठता भावाने आणखी एक कागद काढला. गावनकाशाची झेरॉक्स. त्यावर छापले होते, एक इंचास ६६० फूट. आठ इंचांत एक मैल बसविणारे असे नकाशे आमच्याकडे प्रचलित आहेत, आणि त्यांत एक मोठी सोय आहे. एक इंच लांब व एक इंच रुंद चौकोन म्हणजे जमिनीवर ६६० गुणिले ६६० फूट, बरोबर दहा एकर. पट्टी असली की शेताचा अदमास कोणालाही काढता येतो. भावाचे शेत मात्र मोजून पाहता सव्वापाच एकरांच्याच जवळपास भरू लागले. पुन्हा सर्वांचे चेहरे उतरले. तीन एकर कोणी खाल्ले?

ते झेरॉक्सच्या यंत्राने खाल्ले होते. मोठा नकाशा लहान कागदावर बसावा म्हणून दुकानदाराने तो ८० टक्के करून दिला होता. लांबी ८० टक्के झाली, रुंदीही ८० टक्के झाली. क्षेत्र मात्र ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्केच उरले. सव्वाआठ एकरांचे ६४ टक्के म्हणजे ५.२८ एकर. (हे ५.२८ दशांशातले, गुंठ्यांत ते पाच एकर अकरा गुंठे होतात. टिंबाचा धडा येथेही लागू!) छापलेले "एक इंचास ६६० फूट" हे वाक्य नकाशाबरोबर आकसत नाही. नकाशाच्या कोपऱ्यात काढलेली पट्टी तेवढी आकसते, म्हणून प्रत काढलेल्या नकाशावर अक्षरांवर न विसंबता त्या पट्टीवर विसंबावे. आणि लांबी निम्मी झाली की क्षेत्र निम्मे नव्हे, चतुर्थांश होते, हे मुलांना चौकटीच्या वहीवर एकदा काढून दाखवावे. जन्मभर विसरत नाहीत.

नकाशाच्या प्रमाणाविषयी आमच्या जिल्ह्याने अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट आहे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीत विल्यम लॅम्ब्टन याने १८१५ साली बिदरजवळ एक पायारेषा मोजली. सपाट जमिनीवर काही मैलांची एकच रेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची. मग तिच्या दोन टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घ्यावयाचे. एक बाजू आणि कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात, त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे राहतात. अशी त्रिकोणांची साखळी दक्षिणेच्या टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली. हे काम चालू असतानाच १८२३ साली लॅम्ब्टन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टच्या कारकिर्दीत, १८४१ साली, बिदरची रेषा अधिक सूक्ष्म साधनांनी पुन्हा मोजण्यात आली. पायाच्या रेषेत चूक राहिली तर प्रमाणाने ती प्रत्येक त्रिकोणात शिरते, याची त्या मंडळींना धास्ती होती. गुंठ्याचे टिंब काय आणि पायारेषेची साखळी काय, न्याय एकच.

याहूनही जुना वारसा शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. सेडम तालुक्यात कागिणा नदीच्या काठी मळखेड आहे. हीच राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळी, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने गणितसारसंग्रह हा संस्कृत ग्रंथ रचला. ज्योतिषाच्या आधाराला न राहता केवळ गणितालाच वाहिलेला हा ग्रंथ. आरंभीच महावीराचार्य सांगतात, की व्यापार, वैद्यक, वास्तुशास्त्र, इतकेच काय पाकशास्त्र यांतही गणिताचा उपयोग आहे. १९१२ साली रंगाचार्यांनी मद्रासहून तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्यात आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत जे त्रैराशिक आहे, तेच मायने भिंतीला टेकून केले. प्रमाण ४० गुंठे, त्याचे फल आठ लाख, इच्छा ११० गुंठे. फलाला इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे. उत्तर बावीस लाख. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे जुन्या शाळांत घोकून घेत, ते याच कामासाठी. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ वजनेमापे दशमान झाली, आणि अपूर्णांकांचे पाढे हळूहळू मागे पडले. दशमान पद्धती सोपी आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु "पावणेतीन" हा शब्द जिभेवर असता तर त्या मुलाच्या हातून ती चूक झाली नसती. शब्दच त्याला सांगता, की तीनाला पाव कमी, २.३० तीनाच्या इतके जवळ नाही.

मुलाला आम्ही रागावलो नाही. तो हुशार आहे. दहावीला त्याला ६२५ पैकी ५०० गुण होते. उदगीरला प्रवेश घेताना तेथल्या कोणाला तरी ५०० हा आकडा ऐकून शंभर टक्के वाटले होते, कारण तिकडे टक्के पाचशेंवर काढतात! त्याचे ते ८० टक्के. तिकडच्या ४०० गुणांइतके. ही आठवण आम्ही काढली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, म्हणजे तेव्हा टिंब माझ्या बाजूनं होतं." त्यावर बहीण पहिल्यांदा हसली.

कागद त्याच रात्री नव्याने लिहिला. क्षेत्र आकड्यात लिहिले, शब्दांत लिहिले, "दोन एकर तीस गुंठे, म्हणजे पावणेतीन एकर," आणि पुढे हेक्टर-आरमध्येही लिहिले. दर कशाला, हे लिहिले. बारा लाख तत्काळ आणि दहा लाख बँकेचे कर्ज मंजूर होताच, असे ठरले. खाली दोघांच्या सह्या झाल्या. मायचा अंगठा घेण्यापूर्वी मुलाने तिला सर्व मोठ्याने वाचून दाखविले. ती प्रत्येक आकड्याला मान हलवीत होती.

त्यानंतर आमच्या शाळेत आम्ही एक लहानसा पायंडा पाडला. शनिवारी सकाळी वरच्या वर्गातील मुलांनी घरचा एक कागद आणायचा. पहाणी, सातबारा, वीजबिल, खताच्या पोत्यावरचे लेबल, कर्जाची पावती, काहीही. तो आधी मोठ्याने शब्दांत वाचायचा, मग त्यातील एकक सांगायचे, मग टक्के असतील तर कशाचे व किती मुदतीचे ते सांगायचे, आणि त्यानंतरच पेन्सिल उचलायची. घरी आजी असेल तर उत्तर तिला तोंडी विचारून यायचे, अशीही सूचना आहे. सोमवारी मुले आजीचे उत्तर घेऊन येतात. पुष्कळदा ते फळ्यावरच्या उत्तराशी जुळते. जुळले नाही तर आम्ही आधी फळा तपासतो.